हॅकरचा गेम आणि अण्णांची पापणी

त्या गेमचा मला सुरुवातीपासूनच राग आला होता, आणि राग आलेल्या माणसानं परीक्षण लिहू नये असं आमचे संपादक म्हणतात. ते पुण्यात बसून म्हणतात. मी मुरुमला, आमच्या गावी बसून लिहिते. मराठीत व्हिडिओ गेमची परीक्षणं छापणारी त्यांची वेबसाइट आहे. नवा गेम आला की तो खेळायचा आणि त्याची चिरफाड करायची हे माझं काम. घरात, गल्लीत आणि नातेवाइकांत या कामाला एकच नाव आहे: "खेळतीय."

गेम हॅकर लोकांचा होता. एक भलंमोठं परदेशी शहर, त्यात कुठंही हिंडायची मुभा. नायक डोक्यावर टोपडं ओढून, खिशात हात घालून चालतो. दाराला कुलूप असलं की तो फोन काढतो, मी बटण दाबते, दार उघडतं. सिग्नल लाल असला की तेच बटण, सिग्नल हिरवा. पूल, लिफ्ट, कॅमेरे, पोलिसांच्या गाड्या, सगळं त्या एका बटणाच्या तालावर नाचतं. रस्त्यावरच्या कुठल्याही माणसावर फोन रोखला की त्याच्या डोक्यावर एक ओळ उमटते. घटस्फोटित, मांजरी पाळतो. नाक सरळ करून घेतलंय. आईशी बोलत नाही. वाचायचं आणि पुढं चालायचं. आईशी का बोलत नाही हे विचारायची सोय नाही, त्याचं बँक खातं साफ करायची मात्र आहे. आणि हाच पठ्ठ्या दर मोहिमेआधी मित्रांना भाषण ठोकतो की बड्या कंपन्या लोकांच्या खासगी गोष्टी चोरतात! मला कीबोर्ड आपटावासा वाटायचा.

"राग लिहू नकोस, खोट कुठं आहे ते लिही," संपादक फोनवर म्हणाले होते. "आणि गेमला किती स्टार द्यायचे ते कळव. आज संध्याकाळी साइटवर लावायचंय."

खोट आहे हे मला कळत होतं, ती नेमकी कुठं आहे ते सांगता येत नव्हतं. त्यातच तो नोव्हेंबरचा शेवटचा दिवस होता आणि अण्णांचा हयातीचा दाखला अजून झालेला नव्हता.

अण्णा म्हणजे माझे वडील. आई शाळेत शिक्षिका होती. ती गेल्यापासून तिच्या पेन्शनमधला कुटुंबाचा वाटा अण्णांना मिळतो, आणि त्यासाठी त्यांनी दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सरकारला दाखवून द्यायचं. न दाखवलं की पेन्शन थांबते. थांबली असती म्हणून आम्ही काही उपाशी मेलो नसतो, माझं बरं चाललंय. पण अण्णा त्याच पैशात किराणा भरतात, बीपीच्या गोळ्या आणतात आणि घरखर्चाला मला हात लावू देत नाहीत. एकदा मी परस्पर तेलाचा डबा आणला तर दोन दिवस धड बोलले नव्हते. "तुझ्या आईच्या जिवावर जगीन, तुझ्या न्हाय," म्हणाले. त्यांचा सगळा ताठा त्या पेन्शनवर उभा आहे.

मागच्या वर्षापर्यंत बँकेत जाऊन सही केली की भागायचं. यंदा खिडकीतल्या माणसानं सांगितलं, "आता मोबाईलवर करा काका, घरबसल्या होतंय. तुमची मुलगी तर कॉम्प्युटरवालीच आहे." अण्णांच्या मागं लागलेली रांग त्याला हटवायची होती, दुसरं काही नाही. अण्णा मात्र छाती फुगवून आले आणि येताना चहाच्या हॉटेलात सांगून आले की पोरगी हल्ली हॅकिंगचं काम करती.

त्याचा ताप मला आठवडाभर झाला. शेजारच्या काकू पदराखाली मोबाईल लपवून आल्या. "अक्का, तुमी हॅकिंग करायलाव म्हणं? माझ्या जावेनं मला घरच्या ग्रुपातून काढून टाकलंय. तिथं माझ्याबद्दल काय बोलायल्यात तेवढं बघून द्या की."

"काकू, तो गेम आहे. मी फक्त खेळते आणि लिहिते."

"व्हय, व्हय," काकू डोळा बारीक करून म्हणाल्या, "न्हाय सांगायचं तर नका सांगू." आणि रागावून गेल्या. तेव्हापासून त्या मला बघून दार लावून घेतात.

तर त्या दिवशी दुपारी मी गेममधल्या बँकेपुढं उभी होते. आठवडाभर रोज एकदा अण्णांच्या दाखल्याशी झटापट करून हरले होते, म्हणून निदान परीक्षण तरी संपवू म्हटलं. अण्णा मागं येऊन उभे राहिले.

"ह्या पोरानं आत्ता काय केलं?"

"बँकेचं दार उघडलं."

"चावी?"

"चावी नाही लागत त्याला. फोननं उघडतं."

"एका बटणात?"

"एका बटणात."

अण्णा पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "मग माझं तेवढं कर की."

"अण्णा, हे खोटं असतं हो!"

"खोटं हाय तर दिवसभर काय बघत बसतीस?"

मी गेम थांबवला. नायक फोन रोखून बँकेच्या दारात तसाच उभा राहिला आणि आम्ही पुढच्या खोलीत आलो.

दाखल्याचं ॲप माझ्या फोनवर होतं, ते आधी ओटीपी मागतं. तो येतो अण्णांच्या बटणांच्या फोनवर, आणि तो फोन असतो जिन्यातल्या खिळ्याला पिशवीत टांगलेला, कारण त्याला आमच्या घरात रेंज फक्त तिथंच मिळते. म्हणजे मी जिन्यात पळायचं, आकडे पाठ करायचे, पळत खाली यायचं, तोवर ॲप म्हणणार वेळ संपली. मग पुन्हा जिना. माझी खात्री आहे, तो गेम बनवणाऱ्या माणसानं आयुष्यात कधी ओटीपीची वाट बघितलेली नाही. शेवटी मी आकडे जिन्यातूनच ओरडून सांगितले आणि अण्णांनी ते खाली बसून दाबले. ते आख्ख्या गल्लीनं ऐकले असणार, काकूंनीसुद्धा.

पुढं चेहरा. पडद्यावर लाल गोल येतो, जमलं की तो हिरवा होतो. खाली सूचना येते: चेहरा गोलात धरा, डोळ्यांची उघडझाप करा. पापणी हलली की माणूस जिवंत, नाहीतर कुणी मेलेल्याचा फोटोही पुढं धरील, असा त्यामागचा हिशेब.

अण्णा खुर्चीत ताठ बसले, केसांवरून हात फिरवला, कॉलर सारखी केली आणि भिंगाकडं बघून डोळे वटारले. ते वटारलेलेच राहिले. आठवडाभर हेच चाललं होतं.

यात त्यांचा दोष नव्हता. अण्णांचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. आसपासच्या खेड्यांतली माणसं दाखल्याला, ओळखपत्राला, लग्न जमवायला त्यांच्याकडंच फोटो काढायची. ते दिवस रोलचे. फोटोत डोळे मिटले की तेवढी फिल्म वाया, आणि ते कळायचं रोल धुतल्यावर, तोवर गिऱ्हाईक गावी गेलेलं. म्हणून अण्णा कॅमेऱ्यामागं उभं राहून स्वतःचे डोळे ताणून दाखवायचे. "माझ्याकडं बघा. असं. मिटायचं न्हाय." समोरचा त्यांची नक्कल करायचा आणि अण्णा खटका दाबायचे. आमच्या भागातल्या त्या पिढीची माणसं ओळखपत्रांवर घरात चोर शिरल्यासारखी बघतात, ती अण्णांची कृपा. भिंग दिसलं की डोळे ताणायचे ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की आता मिटा म्हटलं तरी पापणी ऐकत नाही.

त्यांच्यापुढं हार न मानलेलं एकच माणूस, माझी आई. तिचा एक फोटो धड नाही. लग्नाच्या अल्बमपासून माझ्या बारशापर्यंत सगळीकडं हनुवटी जराशी वर, ओठांच्या कोपऱ्यात हसू आणि डोळे मिटलेले. अण्णा चिडायचे. "साऱ्या तालुक्याला जमतंय, तुलाच का जमत न्हाय?" आई म्हणायची, "जित्या माणसाचे डोळे हायत, मिटणारच की." भिंतीवर हार घातलेला तिचा फोटो येडशीच्या रामलिंगच्या देवळापाशी काढलेला आहे. माकडानं तिच्या हातातली केळी ओढली त्या क्षणाचा. तेवढ्या एकाच फोटोत तिचे डोळे उघडे आहेत, आणि तोंडही.

"अण्णा, मिटा," मी म्हणाले.

"मिटले की."

"नाही मिटले. गोल लालच आहे."

"आत्ता मिटले."

"अहो, नुसत्या भुवया हलवताय तुम्ही!"

मग त्यांनी डोळे गच्च मिटले आणि मिटूनच बसले. वर हात जोडले, देवापुढं बसल्यासारखे. ॲप म्हणालं, चेहरा ओळखता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा मी जिन्यात, पुन्हा आकडे, पुन्हा अण्णांचे वटारलेले डोळे, पुन्हा लाल गोल. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. परीक्षण अर्धवट, संपादकांचे मेसेज एकावर एक, आणि हा माणूस समोर धडधडीत श्वास घेतोय, खोकतोय, माझ्याशी वाद घालतोय, तरी फोनला पटत नाही.

"जिवंत आहे एवढंच दाखवायचंय ना अण्णा! तेवढंही जमू नये?"

बोलून गेले. अण्णांनी हात खाली घेतले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बंद होऊ दे. तुझं खाईन."

हे ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले, गुडघ्याकडं बघत. आईच्या माघारी इतक्या वर्षांत त्यांनी कधी न काढलेले शब्द. मला रडू यायला लागलं आणि त्या रडण्याचाही राग आला. आतल्या खोलीत तो टोपडंवाला अजून बँकेच्या दारात उभा होता. त्याच्या शहरातल्या यंत्रांना कुणाच्या घरी मांजर आहे ते ठाऊक असतं, आणि आमच्या हातातल्या यंत्राला समोरचा माणूस जिवंत आहे की नाही ते कळत नव्हतं. मला हवी असलेली खोट हीच होती. त्या गेममध्ये यंत्र कधीच कुणाला नाही म्हणत नाही. पण ती सापडल्याचा मला त्या वेळी काडीचा आनंद झाला नाही.

नाक पुसताना माझी नजर भिंतीवर गेली. माकड, केळी, आईचे डोळे.

"अण्णा," मी म्हणाले, "फोटो काढताना आई कशी करायची?"

"काय कशी करायची?"

"डोळे कशी मिटायची ती? करून दाखवा."

"आता ते कशाला?"

"दाखवा ना. मला नीट आठवत नाही."

तेवढ्यापुरती मी थाप मारली. मला चांगलं आठवत होतं. पण त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. सारा जन्म त्यांनी तिला कॅमेऱ्यातून बघितलं होतं आणि दर वेळी ते दिसलं की कपाळावर हात मारून घेतला होता. मी शेवटचा म्हणून ओटीपी घेतला आणि फोन त्यांच्यासमोर धरला. या वेळी ते भिंगाकडं बघत नव्हते, भिंतीकडं बघत होते. त्यांनी हनुवटी जराशी वर केली. ओठांच्या कोपऱ्यात हसू आणलं, तिचं, थोडं लाजल्यासारखं. मग पापण्या सावकाश खाली आल्या, क्षणभर तशाच राहिल्या आणि वर गेल्या.

गोल हिरवा झाला.

"झालं?" अण्णांनी विचारलं.

"झालं, अण्णा. झालं!"

दाखला आला आणि त्यावर ॲपनं टिपलेला त्यांचा फोटोही आला. नेमका डोळे मिटलेला. अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा वर सरकवून डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. गिऱ्हाइकाला द्यायचा फोटो ते असाच तपासायचे. आता हा खराब आलाय, पुन्हा काढ म्हणतील, या विचारानं मी जिन्याकडं बघितलं.

"डोळे मिटल्यात," ते म्हणाले.

"असू दे. चालतंय त्यांना."

"तसं न्हाय." त्यांनी अंगठ्यानं काच पुसली. "म्या उगंच वरडायचो तिला. चांगले यायचे की तिचे फोटो."

तेवढ्यात त्यांच्या हातातच फोन वाजायला लागला. संपादक होते, स्टार विचारायला. कॉल आल्यावर फोटो झाकला गेला, तर अण्णांनी तो कॉल तडकाफडकी बंद केला आणि फोटो परत वर आणला. फोन पुन्हा वाजला. त्यांनी पुन्हा बंद केला.

"अण्णा, द्या, माझं काम आहे."

"थांब गं जरा," ते म्हणाले. फोन काही त्यांनी दिला नाही.