रोझाल्बाच्या गळ्यात शेवंती

टोरांटोतल्या एटोबिकोच्या मराठी मंडळींत हार घालावा तर हेमचंद्र गुप्त्यांनीच. पाहुणा गवई असो, डॉक्टर असो, की नुसता कुणाचा जावई. हे कडक इस्त्रीचा झब्बा घालून दारात हजर. पूल बांधणारे इंजिनियर म्हणून रिटायर झाले, पण बांधलेल्या पुलांपेक्षा घातलेले हार जास्त, असं त्यांची बायको सुनंदाच सांगते. मी आपलं ऐकलेलं पुढे सरकवतो.

शेजारीण कार्मेला दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाची. कित्येक वर्षं कुंपणावरून इकडचं लोणचं तिकडे जातं, तिकडचा टोमॅटो सॉस इकडे येतो. मध्यंतरी तिची भाची रोझाल्बा तिथल्या प्रांतिक कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिली आणि प्रचाराला आली थेट टोरांटोत! मत तिकडे जाऊनच द्यावं लागतं, हे खरं. पण अर्धं गाव इथे येऊन राहिलेलं. इथल्या मावशीचा फोन गेल्याशिवाय तिथली आजी कुणाला मत देत नाही. आपल्याला काही हे नवीन नाही.

"हेमा, स्वागत तूच करायचं," कार्मेला म्हणाली. जन्मभर 'अहो' ऐकलेल्या माणसाला बाहेरची बाई 'हेमा' म्हणते आणि तो लाजतो! असो, तो विषय वेगळा.

सप्टेंबरात प्रत्येक ग्रोसरीच्या दारात शेवंतीच्या कुंड्या मांडलेल्या असतात. हेमचंद्रांनी गाडी भरून आणल्या. सुनंदाने बेसमेंटमध्ये बसून गुडघ्यापर्यंत लोंबणारा, पांढरा-पिवळा हार ओवला. लक्ष्मीलासुद्धा इतका देखणा मिळाला नसेल.

चर्चचा हॉल गच्च भरला होता. हेमचंद्रांनी झोकात हार घातला आणि टाळ्यांसाठी वळले. एक टाळी नाही! म्हाताऱ्यांनी खिशातल्या किल्ल्या घट्ट धरल्या. अपशकुन झाला की ही माणसं लोखंडाला हात लावतात. एका बाईने छातीवर क्रूस काढला.

"हेमा!" कार्मेला कुजबुजली. "ही फुलं आम्ही मेलेल्यांना वाहतो!"

हेमचंद्रांचा चेहरा फुलांपेक्षा पिवळा. हार काढायला हात पुढे केला, तर रोझाल्बाने तो धरला.

"तुमच्याकडे कुणाला घालतात?"

"देवाला. नवरदेवाला. आणि... निवडून येणाऱ्याला."

"मग राहू दे," ती म्हणाली आणि माईककडे वळली. "विरोधकांनी मला केव्हाच पुरलंय. फुलं आणायची राहिली होती, ती या काकांनी आणली!"

हॉल खदखदून हसला. कार्मेला नाही हसली. घरी जाताना एवढंच म्हणाली, "ती हरली, तर गाव म्हणेल कार्मेलाच्या शेजाऱ्याने घालवली. मग तुझं तोंड मला दिसायला नको."

त्यानंतर कुंपणावर शुकशुकाट. हेमचंद्र बिचारे कार्मेलाच्या ड्राइव्हवेवरची पानंसुद्धा रोज गोळा करायला लागले.

"अहो, आपल्या अंगणातही पडलीत पानं," सुनंदा खिडकीतून ओरडायची. "की तीही इटालियन असायला हवीत?"

तिकडे मात्र मावश्यांच्या फोनांनी धुमाकूळ घातला. स्मशानाची फुलं घालून खो खो हसणारी बाई! बाकीचे उमेदवार पोस्टरवर राहिले. गावातल्या न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत रोझाल्बाखेरीज विषय नाही.

निकालाच्या दिवशी हेमचंद्र असेच तिच्या ड्राइव्हवेवर पानं ओढायचं दाताळं घेऊन उभे होते. कार्मेला स्लिपर्समध्येच धावत बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"हरली?" त्यांनी जीव मुठीत धरून विचारलं.

"जिंकली रे, गाढवा!" तिने त्यांना तिथेच मिठी मारली. समोरच्या खिडक्यांचे पडदे हलले, हे मला पक्कं ठाऊक आहे. "आणि रोझाल्बाच्या आईचा निरोप आहे. त्या माणसाला गावी घेऊन ये म्हणाली. आधी दोन थोबाडीत देणार, मग पोटभर जेवायला घालणार."

"थोबाडीत चालतील," हेमचंद्र डोळे पुसत म्हणाले. "जेवण तेवढं शाकाहारी ठेवा म्हणावं."