फौजदाराची बायको

आमच्या ह्यांना वाचनाचं वेड आहे, हे लग्न ठरवताना मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी कळलं नसतं. आमच्या कोरेगावकडच्या गावात वाचणारा माणूस म्हणजे शाळेचे मास्तर, नाहीतर श्रावणात पोथी लावणारे. ह्यांचं तसलं काही नव्हतं. कंपनीतून आले की हातपाय धुवायचे, भिंतीला टेकून बसायचे आणि रहस्यकथा उघडायची. मी ठेवलेला चहा निवून जायचा.

लग्नानंतर आम्ही पुण्याजवळ कासारवाडीला राहायचो. तिथे स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका चाचांचं सायकलचं दुकान होतं. बाहेर तासावर भाड्याने द्यायच्या सायकली, आणि आतल्या फळ्यांवर पुस्तकं, ती दिवसावर. चाचा तिथल्याच जुन्या घरातले, बोलणं आमच्यापेक्षा गावठी. ह्यांची आणि त्यांची दोस्ती पुस्तकांवरूनच झालेली.

त्या काळी रहस्यकथा लिहिणारे पुष्कळ होते. ह्यांना त्यातला एकच लागायचा. त्या लेखकाचं नाव मी इथे घालत नाही, पण तेव्हा ते घरोघर माहीत होतं. त्याच्या पुस्तकांत एक निवृत्त फौजदार असायचा, एका पायाने अधू, तालुक्याच्या गावी राहणारा. खून झाला की लोक त्याच्याकडे येत. तो हिंडून यायचा, विचार करकरून थकायचा आणि शेवटी घरी बायकोशी बोलत बसायचा. ती काही फार हुशार दाखवलेली नव्हती. तांदूळ निवडता निवडता विचारायची, "पण तो माणूस त्या दिवशी जेवला कुठे?" आणि तिथेच फौजदाराला धागा सापडायचा. हे मला जेवताना सगळं सांगायचे. मी फारसं ऐकत नसे, पण त्या बाईचं काही आलं की कान द्यायची.

ह्यांची कंपनी लहान होती. हे प्लेटिंग खात्यात होते, तिथे ॲसिडच्या टाक्या असतात. सेकंड शिफ्टला साखळीवरून माल खाली सोडताना आकडा निसटला, पाटी टाकीत पडली आणि वर उडालेलं सगळं ह्यांच्या तोंडावर आलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात महिनाभर ठेवलं. चेहरा बराचसा भरून आला. डोळे गेले ते गेलेच. वय तेव्हा तिशीच्या आतलं. आम्हाला मूल नव्हतं.

कंपनीने मला पॅकिंगमध्ये घेतलं. सकाळी मी ह्यांचा डबा झाकून, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवून जायची. संध्याकाळी यायची तो हे त्याच जागी, तोंड भिंतीकडे. सुरुवातीला कंपनीतले लोक यायचे, बसायचे, "धीर धरा राव" म्हणायचे. मग त्यांचंही येणं कमी झालं. हे कुणाशी बोलत नव्हते. माझ्याशी बोलायचे ते हो, नाही, नको. स्वयंपाक झाला की मी ताट समोर सरकवायची आणि दोघं मुक्यासारखी जेवायचो. आपण दोघं असेच म्हातारे होणार, असं मला वाटायला लागलं होतं आणि त्याची भीती वाटायची.

एका रविवारी चाचा आले. दारातच उभे राहून सवयीने म्हणाले, "नवीन आलंया. तुमच्याबिगर पैल्यांदा कुनाला द्यायाचं न्हाई, म्हनून आनलं." बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. थोडा वेळ ते पुस्तक तसंच हातात धरून उभे राहिले, मग माझ्याकडे पुढे करून म्हणाले, "वहिनी, तुमी वाचा की."

माझी सातवी झालेली. मोठ्याने वाचायची सवय नव्हती. मी खाली बसले आणि एका दमात वाचत सुटले, कुठे थांबायचं ते कळत नव्हतं. तोंड कोरडं पडलं. हे ऐकतायत की नाही, तेही समजेना. दुसऱ्या पानावर हे म्हणाले, "पूर्णविराम असेल तिथे जरा थांबत जा." अपघातानंतर माझ्याशी बोललेलं ते पहिलं धड वाक्य.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी वाचायची. आगगाडी जायला लागली की खोली हादरायची. गाडी जाईपर्यंत मी बोट ओळीवर ठेवून थांबायची. नवीन संपलं की चाचांकडून जुनी आणायची. ह्यांना खुनी कोण ते माहीत असायचं, तरी ऐकायचे, आणि मला मध्येच विचारायचे, "सांग, कुणी केला असेल?" मी चुकले की हसायचे. ते दिवस वाईट होते असं मी म्हणणार नाही.

मग ते पुस्तक आलं, ज्यात फौजदाराची बायको जाते. खून वगैरे काही नाही, साधा ताप. पहिल्या दहा-बारा पानांतच ती जाते आणि उरलेलं पुस्तकभर तो एकटा, दुसऱ्याच एका गुन्ह्याच्या मागे. गुन्हा सोडवतो आणि घरी येतो, आणि सांगायला कुणी नसतं. मी वाचून पुस्तक मिटलं तेव्हा ह्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. डोळे गेले तरी पाणी येतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढे कितीतरी दिवस ह्यांचा तोच विषय. आता हा फौजदार कुणाशी बोलणार? घर सोडेल का? पुन्हा उभा कसा राहील? अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःच काही ठरवायचे आणि सकाळी मला सांगायचे, मग स्वतःच ते खोडून काढायचे. "नाही, तो लेखक असं सोपं करणार नाही," म्हणायचे. नवीन पुस्तक येईल आणि त्यात उत्तर असेल, ह्याची त्यांना खात्री होती. एक वर्ष वाट पाहिली. बहात्तरचा दुष्काळ पडला, मराठवाड्यातून माणसं येऊन आमच्या आळीत दाटीवाटीने राहायला लागली, आणि हे चाचांना विचारत होते, आलं का?

आलं. वेष्टनावर तोकड्या कपड्यातली बाई हातात पिस्तूल घेऊन उभी होती. तसलं चित्र त्या लेखकाच्या पुस्तकावर कधी नसायचं. ह्यांना मी ते सांगितलं नाही. वाचायला बसले. चौथ्या-पाचव्या पानावर फौजदार घरी येतो आणि त्याची बायको त्याला चहा आणून देते.

मी ती ओळ गाळली. पुढे गेले. तर पुढे ती पुन्हा होती, बोलत होती, आणि मग चोर तिलाच पळवून नेतात, म्हणजे सगळं पुस्तक तिच्यावरच होतं. ते कसं गाळणार? वाचलं.

"थांब," हे म्हणाले. "परत वाच."

मी परत वाचलं.

"ती मेली ना?"

"लेखक विसरला असेल," मी म्हटलं.

"बायको मेलेली विसरेल?"

मग त्यांनी स्वतःचीच समजूत घालून घेतली, की ही आधीची गोष्ट असेल, ती जिवंत असतानाची. पुढे वाच म्हणाले. पण पुढे फौजदार भिंतीवरून उडी मारून पळत सुटला, अधू पायाने. त्या रात्री हे जेवले नाहीत.

पुढची दोन-तीन पुस्तकंही तशीच निघाली. नाव तेच, फौजदार तोच, पण बोलणं कुणा दुसऱ्याचंच. माझ्यासारखीलाही ते कळत होतं. पानोपानी मारामाऱ्या, हॉटेलातल्या बाया, आणि कोण कुठे जेवलं हे विचारणारं कुणी नाही. चाचांना विचारलं तर ते म्हणाले, "मला काय त्यातलं कळत न्हाई. पन खपतंय लई. आधीपरीस जास्ती जातंय."

ह्यांनी मात्र मनाशी एक धरलं. एक दिवस मला म्हणाले, "त्या लेखकाचे डोळे गेले असणार."

"म्हणजे?"

"तो तोंडाने सांगत असेल आणि लिहून घेणारा आपल्या मनाचं घालत असेल. त्याला वाचता येत नाही, मग त्याला कळणार कसं? कुणीतरी जाऊन सांगायला पाहिजे."

हे त्यांनी इतकं खात्रीने सांगितलं की मलाही खरं वाटायला लागलं. चाचांनी पुण्याच्या ठोक व्यापाऱ्याकडून लेखकाचा पत्ता मिळवला. रविवारी हे दाढी करवून आले, मला इस्त्रीचा शर्ट काढायला लावला. बसमध्ये काय काय बोलायचं ते पुटपुटत होते. कितीतरी दिवसांनी माणूस कुठेतरी निघाला होता, त्यामुळे मीही खुशीत होते.

बंगला होता, पुढे लहानशी बाग. व्हरांड्यात एक उंच, गोरे गृहस्थ खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी फाटकातच ओळखलं, तेच लेखक असणार आणि त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. ह्यांच्या दंडावर माझा हात होता. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मी त्यांना तसंच पुढे नेलं. त्या गृहस्थांनी ह्यांच्याकडे पाहिलं, पेपर घडी करून ठेवला आणि बसा म्हणाले. आतून चहा मागवला. वागायला चांगला माणूस होता, ते मला कबूल केलं पाहिजे.

हे आदबीने खुर्चीच्या टोकावर बसले. म्हणाले, "साहेब, तब्येत कशी आहे आपली?"

"उत्तम."

"आणि डोळे?"

"डोळ्यांना काय झालंय? चाळिशी लागली, एवढंच."

मग मीच सांगितलं कशासाठी आलो ते. बायको मेलेली असून चहा देते, अधू पाय पळतो, सगळं. ते गृहस्थ ऐकत होते, आणि मधेच एकदा त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं.

"ती पुस्तकं मी लिहीत नाही," ते म्हणाले. "प्रकाशकाकडे दोन-तीन मुलं आहेत, ती लिहितात. नाव माझं असतं. मी ती वाचलेलीही नाहीत."

ते सहज सांगत होते. लपवायचं काही नव्हतं त्यांच्या लेखी. छापणाऱ्यांना माहीत, विकणाऱ्यांना माहीत. वाचणाऱ्यांना सांगायचं मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं. मी म्हटलं, पुस्तकावर तसं छापायला हवं होतं. ते म्हणाले, "मग घेतलं असतं का कुणी?"

ह्यांनी बशी चाचपत कप खाली ठेवला. मग विचारलं, "त्याचं पुढे काय झालं?"

"कुणाचं?"

"फौजदाराचं. बायको गेल्यावर."

गृहस्थांनी चाळिशी काढून पेपरवर ठेवली. मग आवाज उतरला. "मला सुचलं नाही. वर्षभर रोज टेबलाशी बसलो. त्यानंतर तो माणूस काय करेल, हे मला दिसेना. तेव्हा प्रकाशक म्हणाले, नाव तेवढं वापरू द्या, बाकी आम्ही बघतो."

हे उठले. नमस्कार केला, तो थोडा खुर्चीच्या बाजूला गेला. ते गृहस्थ फाटकापर्यंत पोचवायला आले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात झटकावासा वाटला.

बस दापोडीच्या पुलावर आली. हे म्हणाले, "मी किती मूर्ख. त्याच्याबद्दल वाईट वाटून घेत होतो."

मी म्हटलं, तुम्ही चांगल्या मनाने गेला होतात. त्यावर त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्यानंतर वाचन बंद झालं. मी जुनी पुस्तकं काढून बसले तर म्हणायचे, राहू दे. मला वाटलं, आपणच फौजदाराचं पुढचं रचून सांगावं. पॅकिंगच्या टेबलाशी हात चालू असताना मी दिवसभर ते जुळवलं. फौजदार घराला कुलूप लावून बहिणीकडे जातो, तिथे एक शेजारीण असते, असं काहीबाही. संध्याकाळी सांगायला लागले. त्यांनी चार वाक्यं ऐकून घेतली. मग माझा हात शोधून धरला. "नको गं. ज्याचा होता त्यालाच जमलं नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

चाचांनी त्यांना सोडलं नाही. रोज हाताला धरून दुकानात न्यायचे. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा कुठे लागतो ते बोटांनी बघायचं, घासायचं, ठिगळ लावायचं, हे त्यांना जमायला लागलं. दोन-तीन वर्षं त्यांनी ते केलं. एकदा तिथे पुस्तक बदलायला आलेला एक तरुण ह्यांना म्हणाला, तुम्ही पूर्वी फार वाचायचात म्हणे, मग हे नवं वाचलंत का, काय भारी आहे. घरी आल्यावर ह्यांनी मला ते सांगितलं.

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, वाचलंय, चांगलं आहे."

"असं का म्हणालात?"

"त्याला आवडलं होतं. त्याचं कशाला घालवायचं?"

पण दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात जाईनासे झाले. चाचा दोन वेळा बोलवायला आले, मग त्यांनीही ओळखलं. हे पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. मी ट्रान्झिस्टर आणला, तो बंदच असायचा. माझ्याशी वाईट वागले नाहीत कधी. विचारलेल्याला उत्तर द्यायचे, भाजीत मीठ कमी असलं तरी खायचे. पण मला कळत होतं, की हा माणूस आता कशाचीच वाट बघत नाहीये.

ऐंशी साल उलटल्यावर काविळीचं निमित्त झालं. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, पेशंटने साथ दिली पाहिजे. तिसऱ्या आठवड्यात हे गेले. चाचा आणि त्यांचे दोन भाऊ तिरडीला खांदा द्यायला होते.

मी पॅकिंगमध्येच राहिले. तिथे जेवणाच्या सुट्टीत मुली पुस्तकं वाचायच्या, एकीचं दुसरीला द्यायच्या. त्यात त्या फौजदाराचीही असायची, अजून निघत होती. मी बरं वाचते हे कुणीतरी सांगितलं, आणि त्या माझ्यामागे लागल्या, की मावशी, तुम्ही मोठ्याने वाचा. एक पुस्तक मी त्यांना वाचून दाखवलं. त्या पुढे काय, पुढे काय करत ऐकत होत्या, आणि भोंगा झाला तरी उठेनात. मी त्यांना काही सांगितलं नाही. पुढचं पुस्तक आलं तेव्हा मी डबा घेऊन मागच्या जिन्यावर जाऊन बसले.