वरचे दात आणि धावड्याचा मामा

दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. आरोग्य केंद्राच्या जीपमधून गावोगाव फिरताना आम्हा तिघांकडे इतके किस्से साचले, की परतीच्या रस्त्यात एक संपायच्या आत दुसरा सुरू व्हायचा. तिघं म्हणजे नर्स कमलबाई, ड्रायव्हर रशीदभाई आणि मी, नुकताच बी.एस्सी. झालेला आरोग्य शिक्षक. मला भलती घाई. सगळ्या खुळ्या समजुती महिन्याभरात संपवायच्या होत्या!

सुरुवात केदारखेड्याच्या चंद्रकलापासून. तिच्या बाळाला वरचे दात आधी आले. म्हणजे मामाला वाईट! त्यामुळं धावड्याच्या तिच्या भावाला, नामदेवला, घराचं दार बंद. आणि जावळ तर मामाच्या मांडीवरच काढायचं. बाळाचे केस डोळ्यांवर आलेले. चंद्रकला एवढंच म्हणाली, "साहेब, माझा भाऊ माझ्या घरात आला पाहिजे."

मी लगेच तिच्या सासऱ्याला गाठलं. "आबा, गर्भ दीड महिन्याचा असतानाच दातांची सुरुवात होते. वरचे, खालचे, सगळे दुधाचे दात जन्माआधीच हिरडीत तयार होत असतात. बाहेर मागंपुढं आले, तर काय बिघडलं?"

आबांनी बराच विचार केला. "म्हंजे मामाचं वाईट पोटातच ठरल्तं म्हणा की!"

* * *

मग मी मॉडेल केलं. कणकेचे दोन जबडे, त्यात दातांचे अंकुर म्हणून ज्वारीचे दाणे. राजूरला देवळाजवळ मांडलं. बायका जमल्या. मी रंगात येऊन बोलतोय, तोवर एका शेळीनं खालचा जबडा दातांसकट खाल्ला!

रशीदभाई शांतपणे म्हणाले, "साहब, अब तो ऊपर केच दांत रह गए. तुमारे मामू कू खबर करूं क्या?"

* * *

नामदेवला भेटायला धावड्याला गेलो, तर तो शेतात गेलेला. ओट्यावर थांबलो. शेजारची म्हातारी नातवाला घेऊन आली. पोराची लाळ थांबेना. सुनेचे डोहाळे अपुरे राहिले म्हणून लाळ गळते, अशी तिची खात्री. मी सुरू झालो. लाळग्रंथीसुद्धा दातांच्याच सुमारास गर्भात तयार होऊ लागतात, डोहाळ्यांशी संबंध बिलकुल नाही!

म्हातारी मान डोलवायला लागली. तेवढ्यात पुन्हा दिवस गेलेली सून दाराआडून कुजबुजली, "साहेब, गप बसा ना! त्या लाळेपायीच तर या टायमाला मला रोज चिंचा मिळू राह्यल्या!"

* * *

नामदेव काही भेटला नाही. परतताना मी जीपमध्ये धुमसत होतो. "लोकांना आज पटलं पाहिजे. आजच!"

कमलबाईंनी विचारलं, "साहेब, तुमची अक्कलदाढ आली का?"

"अजून नाही."

"मंग जरा दम धरा."

* * *

पुढच्या आठवड्यात मी केदारखेड्याला आबांना पुन्हा तेच समजावत होतो. आणि नामदेव न बोलावता दारात हजर! आबा आडवे आले. "पाव्हणं, माघारी फिरा. तुमच्याच भल्याचं सांगू राह्यलो."

चंद्रकला बाळाला घेऊन बाहेर आली. बाळाला आता खालचेही दोन दात आले होते. नामदेव सरळ पुढं झाला आणि बाळाच्या तोंडात बोट घातलं.

बाळ कडकडून चावलं.

नामदेवनं बोट बाहेर काढलं. रक्ताचा थेंब आला होता. ते बोट त्यानं आबांच्या नाकासमोर धरलं.

"मामाला वाईट व्हायचं होतं ना? झालं. आता न्हाव्याला बोलवा जल्दी!"