खाऱ्या पाण्यात ठेवलेली फ्रेम

माझ्या मेहुण्याची सायकल उतारावर मोडली. मागच्या चाकाकडे जाणारी पोलादी नळी पेडलच्या जोडाजवळ आतून गंजली होती. वरचा रंग शाबूत होता. त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं आणि तिथे टायटॅनियमची पट्टी बसवावी लागली. देवबागला खाडी आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या वाळूवर त्याचं घर आहे. तिथे दाराच्या कड्या तीन वर्षं टिकत नाहीत, मग सायकलीचं काय.

बरा झाल्यावर तो वेंगुर्ल्याला आमच्याकडे आला. "भावोजी, खांद्यात टायटॅनियम आसाच. आता सायकल पण टायटॅनियमची होयी. फ्रेम तुमी बघा. तुमी होय म्हटलास की मी डोळे झाकून घेतलंय."

"डोळे झाकून घी आणि डोळे झाकून पड," बायको आतून म्हणाली. मग मला म्हणाली, "नीट बघा हां. त्येका परत पाडू नकात."

मी काजूच्या कारखान्यात प्रतवारी बघतो. दाण्याचा आकार, वजन, रंग. त्यामुळे नातेवाइकांचा पंखा असो की पंप, पारखायला माझ्याकडे येतो. या कामाचा आता शीण येतो, पण नाही म्हणता येत नाही.

नावाजलेली फ्रेम आम्हाला परवडणारी नव्हती. परदेशातल्या एका लहान कारखान्याची परवडत होती. ठरलं असं की आधी मी माझ्यासाठी मागवायची, तपासायची, आणि मग त्याने तीच घ्यायची.

फ्रेम आली. वजन जाहिरातीपेक्षा सदतीस ग्रॅम जास्त भरलं, तेवढं चालतं. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून दोरी काढून पुढच्या नळीला वळसा दिला, दुसऱ्या खाचेपर्यंत ताणली, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. फरक एक मिलिमीटरच्या आत, म्हणजे फ्रेम सरळ. पेडल बसतं तिथले आटे स्वच्छ होते. वेल्डिंग नाण्यांची चळत कलती करावी तसं एकसारखं आणि चंदेरी.

इथे थांबून कुणा जाणत्याला विचारायला हवं होतं. पण आमच्या किनाऱ्यावर धातूची एकच परीक्षा असते: खारं लागल्यावर त्याचं काय होतं. बिजागरी, खिळा, बोटीचा नांगर, सगळं आम्ही त्यावरच तोलतो. मी जेटीवरून समुद्राचं पाणी आणलं, अंगणातल्या प्लास्टिकच्या टाकीत भरलं आणि फ्रेम त्यात पंधरा दिवस ठेवली. परत पाठवायची मुदत चौदा दिवसांची होती. ते मला ठाऊक होतं, वहीत लिहिलेलं होतं. पण पहिल्या आठवड्यातच माझी इतकी खात्री पटली होती की मुदतीची फिकीर वाटली नाही.

पंधराव्या दिवशी एक ठिपकाही नव्हता. मी मेहुण्याला फोनवर "होय" म्हटलं. त्याने त्याच दिवशी फ्रेम मागवली.

तीन आठवड्यांनी फाटकाची जाळी जोडायला वेल्डिंगवाले मेस्त्री आले. त्यांची उमर गोव्याच्या आणि आखातातल्या गोद्यांमध्ये पाइप जोडण्यात गेली. ओसरीवर फ्रेम दिसली तशी मी अभिमानाने खाऱ्या पाण्याची हकिगत सांगितली.

ते हसले. "अरे, ह्येका दर्या खाता काय कधी? बरा टायटॅनियम घाल, वायट घाल, दोनव तशीच भायर येतली. ह्या म्हणजे तू माशाक पोहूक येता काय ता बघितलंस!"

त्यांनी टॉर्च मागितला आणि पेडलच्या भोकातून आत धरला. मग मला जवळ बोलावलं. "बघ. तुझ्या काजीसारखो हय पण रंगच बघूचो."

मी वाकून बघितलं. बाहेरून चंदेरी असलेला जोड आतून गडद निळा होता आणि एका ठिकाणी राखेसारखा पांढुरका.

"हवा लागू नये म्हणून जोडताना गॅस मारतत. ह्येंनी भायर मारलो, आत नाय मारूक," ते म्हणाले. "तापलेल्या टायटॅनियमाक हवा लागली की ता ठिसूळ होता."

"मग ही मोडणार?"

"मोडतली असा मी सांगूचंय नाय. मोडूची नाय असा पण सांगूचंय नाय."

करपलेला दाणा मी हातभर लांबून ओळखतो. इथे आत बघायचं मला सुचलंच नव्हतं.

मी मेहुण्याला फोन केला. त्याची फ्रेम आदल्या दिवशीच पोहोचली होती. "हात लावू नको," म्हटलं, आणि मेस्त्रींना मोटारसायकलवर मागे बसवून देवबागला गेलो.

मेहुण्याने पडवीत फ्रेम आडवी धरली. मेस्त्रींनी टॉर्च मारला, एकेक जोड बघितला. आत चंदेरी. पेडलजवळच्या एका जोडावर गवतासारखी फिकट पिवळी छटा.

"ही चलात," मेस्त्री म्हणाले. "इतको पिवळो चलता."

मेहुण्याने त्यांच्याकडे बघितलंच नाही. "भावोजी, तुमी सांगा. होय का नाय?"

"एकदा होय म्हटलं होतं, ते चुकलं होतं."

"ता कळला माका. आता सांगा."

मी टॉर्च घेऊन पुन्हा सगळे जोड बघितले. मग पुन्हा. निळं कुठेच नव्हतं. "होय," मी म्हणालो.

"ताईक सांगतंय, भावोजींनी दोनदा होय म्हटल्यानी," तो हसून म्हणाला. "पडलंय तर तिची दोनदा बोलणी खावा."

माझी फ्रेम ओसरीच्या भिंतीवर टांगली आहे. विकणं मनाला पटत नाही, वापरणंही पटत नाही. मी जुनी पोलादी सायकलच चालवतो आणि दर रविवारी तिच्या नळ्यांत तेल सोडतो. मेहुणा त्याच्या नव्या सायकलवर येतो. निघण्याआधी मी सीटचा दांडा काढून त्या पिवळ्या जोडावर टॉर्च मारतो आणि तो हँडल धरून उभा राहतो. पूर्वी उतारावर मी पुढे असायचो. आता मागे राहतो, त्याच्या मागच्या चाकाकडे बघत.