पडलं की नाही पडलं

लुईझियानाच्या दलदलीत एव्हारिस्त त्राहानने बदकांच्या शिकारीचे एक्केचाळीस हंगाम एकाच आडोशात काढले. तळ्याच्या काठचा तो लव्हाळ्याचा आडोसा त्याच्या बापाने उभा केलेला. तिथल्या शिकाऱ्यांची रीत अशी, की हंगामाच्या पहिल्या दिवशी ज्याच्या आडोशातून निदान एक बदक पडलं, जागा त्याचीच राहायची. नाही पडलं, तर ती दुसऱ्याने मागावी.

यंदा जूनपासून पाऊस नव्हता. तळं भेगाळलं. होडी गवतात पालथी पडून होती.

"दाजी, होडीला चाकं लावा आता," बायकोचा भाऊ क्लेबेर म्हणाला. त्या जागेवर त्याचा जुना डोळा. "की बदकं चालत येणारेत?"

हंगामाच्या आदल्या दिवशी एव्हारिस्त कोरड्या तळ्यात उतरला आणि थबकला. गाळावर जाळीदार पंजांचे ठसे होते. बदकं खरंच चालत आली होती.

तो वाकून ठशांमागे निघाला. जिथे वर्षानुवर्षं पाणी असायचं, तिथे कधी न पाहिलेलं गवत दाण्यांनी लवलं होतं. त्याने चार दाणे तळहातावर चोळून तोंडात टाकले. गोडसर लागले. बदकं पाण्यासाठी नाही, याच्यासाठी उतरत होती तर! मग पाणी कुठे पितात?

ठसे एका खड्ड्यापाशी संपले. तळ्यातल्या म्हाताऱ्या मगरीने तोंडाने, शेपटीने उकरलेला खड्डा, पाण्याने काठोकाठ भरलेला. पाडलेली बदकं पळवते म्हणून तिला त्याने आयुष्यभर चोरटी म्हणत शिव्या घातल्या होत्या. त्याने आडोशापर्यंतची पावलं मोजली. पस्तीस. बंदुकीच्या टप्प्यात.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तीन बदकं खड्ड्यावर उतरली. एव्हारिस्तने एकच बार काढला. एक बदक पाण्यात पडलं. तो तिथे पोचायच्या आत पाणी उसळलं, आणि वर चार पिसं तेवढी तरंगत राहिली.

बार ऐकून क्लेबेर आला. "बदक कुठंय दाजी?"

एव्हारिस्तने खड्ड्याकडे बोट दाखवलं. मगर डोळे मिटून पडली होती. तिच्या जबड्याला एक हिरवं पीस चिकटलेलं.

"हे काय मोजायचं नाही," क्लेबेर म्हणाला.

"रीत काय आहे? बदक घरी आलं पाहिजे, की पडलं पाहिजे?"

क्लेबेरने त्या पिसाकडे पाहिलं. मग हसला. "पडलं पाहिजे."

"मग?"

"जागा तुमची, दाजी. पण निम्मी तिची."

एव्हारिस्तने होकारार्थी मान डोलावली. त्यावर त्याला वाद घालायचा नव्हता.