अकीकची सुरी

आधी धुरपताबाईंचं नाव लिहितो. तिरोडा तालुक्यात ठेक्यानं धान लावणाऱ्या. त्यांनी कमरेचा इळा, म्हणजे विळा, माझ्या हातात दिला, म्हणून हे लिहायला मी उरलो.

मी जतकडचा, आठवीनंतर शाळा सोडलेला. फौजेत कुक. पुराच्या ड्यूटीवर आमचा कॉलम, म्हणजे तुकडी, गोंदिया जिल्ह्यात आला, बोटीवर माणसं कमी पडली, तेव्हा मलाही लाइफ जॅकेट मिळालं.

राजस्थानच्या पोस्टिंगला मी अकीक दगडाची सुरी घेतली होती. काचेवर ओरखडा काढायची. गंज नाही. किटमधल्या स्टीलच्या चाकूवर गंज दिसला की इन्स्पेक्शनला शिक्षा, म्हणून तो तेल लावून, फडक्यात गुंडाळून ट्रंकेत. बोटीवर दगडाची घेतली.

हवालदार यशवंत उस्ताद हसले. "दागिना घालून कुठं निघालास?"

"उस्ताद, लोखंडापेक्षा कडक आहे."

"कडक तर पापडपण असतो."

बुडालेल्या गावातून सात माणसं घेतली, त्यांत धुरपताबाई. पुलाच्या अलीकडे मासे धरायचं नायलॉनचं जाळं मोटरच्या पंख्यात गुंतलं. मोटर बंद. बोट आडवी होऊन खांबांकडे निघाली.

उस्तादांनी वायरलेस सेट उचलला. "बेस, मोटर जाम. पुलाकडे वाहतोय. ओव्हर." उत्तराला न थांबता जाळं सोडवायला पाण्यात उतरले. जाळ्यानं त्यांचे पाय धरले.

"काप!" एवढं मला ओरडून ते पाण्याखाली गेले.

मी सुरी चालवली, जाळ्याचे दोन पदर तुटले. तिसऱ्यात सुरी घालून उचकली, तशी ती मधोमध मोडली. घासायला कडक, पिळायला कचकड्याची.

मागून धुरपताबाई ओरडल्या, "काऊन गोट्यानं कापून राहिला, बाबू? हा इळा घे!"

इळा गंजलेला होता. चार हिसक्यांत जाळं सुटलं. मोटरवरच्या लान्स नाईकनं मोटर चालू केली, बोट खांबाला घासून निघाली. सातही जण काठावर उतरले. उस्तादांना जाळं सुटताच वर ओढलं होतं, तेव्हाच श्वास नव्हता.

पुढच्या इन्स्पेक्शनला माझा चाकू चकाचक निघाला. साहेब म्हणाले, "शाबास." मला मान वर करवली नाही.

आता कांदा चिरायला बसलो की उस्तादांचा पापड आठवतो. हसू येत नाही.

धुरपताबाई, तुमचा इळा माझ्याकडेच आहे. त्याच्यावरचा गंज मी काढलेला नाही. एका कापणीला तो घेऊन तुमच्या धानाच्या बांधीत येईन. धान कापणं मला येत नाही, तुम्ही शिकवा. शेवटची पेंढी बांधून होईपर्यंत हलणार नाही.