चेहरा पुसणारी लेन्स

लेन्स घेताना तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता? शार्प आहे का, हाच ना? मी उलटा प्रश्न घेऊन गेले होते. फोकसच्या बाहेरचं ही लेन्स किती पुसते?

वाशीत एक निवृत्त काका आपल्या जुन्या, हाताने फोकस करायच्या लेन्स विकून टाकत होते. फिल्मच्या जमान्यातल्या. डायनिंग टेबलावर टॉवेल अंथरून त्यांनी तीन मांडल्या आणि विचारलं, "काय शूट करतेस? लग्नं?"

"लग्नंही करते. पण ही पत्रकासाठी पाहिजे. फोटोतल्या बाईचा चेहरा ओळखू येता कामा नये."

"मग लेन्सची कॅप लावूनच काढ," काका म्हणाले. "फुकटात काम होईल."

हसायला हवं होतं. मी मोबाइलचा टॉर्च लावून काचेतली बुरशी शोधत राहिले.

मी पत्रकांवर वाढले. बाबा रबाळ्याला कारखान्यांच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटायचे आणि उरलेले गठ्ठे आमच्या पलंगाखाली असायचे. वाचायला मी त्यांवरच शिकले. 'सहल' लिहिता येण्याआधी मला 'शोषण' लिहिता येत होतं. त्या पत्रकांत फोटोही असत, पण छापून येईपर्यंत माणसांचे शाईचे डाग झालेले असत. आता पत्रकं मी लिहिते आणि फोटोही मीच काढते.

या वेळचं पत्रक कोपरखैरण्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंच्या हातांबद्दल होतं. काकू साताऱ्याकडच्या. रबाळ्याच्या एका पॅकिंग युनिटमध्ये ठेक्यावर होत्या. थिनरने डबे पुसून पुसून त्यांच्या हातांची सालं निघत होती. हातमोजे मागितले की ठेकेदार 'उद्या' म्हणायचा. ते हात पत्रकावर छापायचे, असं ठरलं. पण हात कुणाचे हे त्याला कळलं, तर काकूंचा गेटपास जाणार आणि घरात कमावत्या त्या एकट्याच.

माझा कॅमेरा नवा आहे. चेहरा दिसला की तो आपणहून त्यावर चौकोन ठेवतो. ते बंद करता येतं, मला माहीत आहे. पण कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स छोट्या खोलीत सगळंच स्पष्ट दाखवते, हात आणि त्यामागचे नाकडोळेही. कॉम्प्युटरवर चेहरा पुसणं मला पटत नव्हतं. जे करायचं ते फोटो काढतानाच करावं, नंतर नाही, असं माझं तत्त्व.

काकांकडची पहिली लेन्स पन्नास एमएमची. अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, पूर्ण उघडलं तरी मागचा माणूस ओळखू येत होता. दुसरी एकशे पस्तीसची. तिला लांब उभं राहावं लागतं आणि काकूंच्या स्वयंपाकघरात तेवढं लांब काही नाहीच. तिसरी अठ्ठावन्नची. आतलं ग्रीस सुकून तिची फोकसची रिंग जड झाली होती. काठाला बुरशीचा एक बारीक धागा होता. मी ती कॅमेऱ्याला लावली, काकांना हात पुढे धरायला लावले आणि रिंग फिरवली. बोटांवरच्या सुरकुत्या एकेक दिसल्या. मागे चेहऱ्याच्या जागी दुधात विरघळलेला एक डाग.

"हीच," मी म्हणाले.

काकांनी स्क्रीन बघितली. "हा मी? आमच्या हिला दाखव, म्हणेल बरं झालं."

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला धातूच्या एका कड्याने जोडतात. दोघांत विजेचा काही संबंध नसतो, म्हणून कॅमेरा सांगतो, लेन्स लावलेलीच नाही. मेनूत जाऊन त्याला परवानगी द्यावी लागते, नसली तरी फोटो काढ. कंपनीही काकूंबद्दल हेच सांगते. ही आमची कामगारच नाही, ठेकेदाराची आहे. आणि काम मात्र काढून घेते.

फोटोच्या दिवशी काकू काठाची साडी नेसून, ठसठशीत टिकली लावून ओट्याशी बसल्या होत्या. मी त्यांना हात पुढे धरायला सांगितलं. फोटो झाल्यावर त्यांनी कॅमेरा ओढून घेतला.

"आगं, माझं त्वांड कुठं गेलं?"

"मुद्दाम घालवलंय, काकू. तुम्हाला कुणी ओळखू नये म्हणून."

"टीव्हीवर चोरांची तोंडं आशीच पुसत्यात. म्या काय चोरी केलीय व्हय?"

"गेटपास जाईल तुमचा."

 काकूंनी टिकली काढून फ्रिजच्या दाराला चिकटवली.

पत्रक निघालं, वाटलं गेलं. थोड्याच दिवसांत ठेकेदाराने काकूंची अख्खी बॅच बंद केली आणि दिघ्याकडच्या नव्या बायका घेतल्या. त्याने फोटो बघितलाच नव्हता, असं एका सुपरवायझरकडून कळलं. पत्रक निघालं, एवढंच त्याला पुरलं होतं. कुणाला ओळखायची गरजच पडली नाही. एरवी मी त्याच रात्री दुसरं पत्रक लिहून काढलं असतं. राग येण्याची वाट बघितली. आला नाही. मी लेन्स पुसत बसले, पुसून झाली तरी पुसत बसले.

काकू दारात आल्या. "आन तो कॅमेरा. आता तोंडासकट काढ."

"काकू, दुसरीकडे काम मागायला जाल, तिथेही हे तोंडासकटचं पत्रक पोचलेलं असेल."

"मिळंल तर मिळंल, न्हाय तर न्हाय. पर त्या फोटूत मी हाय, ह्ये माझ्या बहिनीलाबी पटंना. म्हनती, कुनाचं बी हात आसतील."

 मी काकूंना दारात, उजेडात बसवलं. हातांवरचा फोकस सोडून रिंग फिरवू लागले. कॅमेरा फोकसमधल्या कडा लाल रंगाने दाखवतो. ती लाली बोटांवरून कोपराकडे, पदराच्या काठाकडे, मग डोळ्यांपर्यंत सरकली. चेहरा आला, तर हात धूसर झाले. सालं दिसेनात, जणू हात बरे झालेत. असाही फोटो नको होता.

"झालं का गं? मान आवघडली."

"थांबा."

मग मी अ‍ॅपर्चरचं कडं टकटक करत बंद करत नेलं. एवढं बंद केलं की मागचं पुसायची या लेन्सची खोडच जाते आणि ती कुठल्याही लेन्ससारखी होते. ज्या गुणासाठी घेतली तो मोडून फोटो काढला. हात आले, चेहराही आला. काकू स्क्रीन डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "हां. ही मी."

दुसरं पत्रक आम्ही रबाळे स्टेशनबाहेर वाटतोय. कुणी पुढे केलं तर हात मागे घेऊ नका. मजकूर सवडीने वाचा, नाही वाचला तरी चालेल. चेहरा मात्र नीट बघून घ्या आणि काकू कोपरखैरण्याच्या बाजारात कधी समोर आल्या, तर ओळख दाखवा.